एका ‘असूनही’ची गोष्ट

स्पॅनिश माहितीपटांना मराठी सबटायटल देण्याच्या माझ्या कामात एका शब्दापायी सबंध दिवस जावा, असे क्वचितच घडते. बोलिव्हियातल्या मुरुराता या गावावरच्या एका छोट्या फिल्मने ती वेळ आणली.

ला पासच्या थंड पठारावरून घाट उतरत युंगासच्या दमट डोंगरदऱ्यांत आले की हे गाव लागते. आफ्रो-बोलिव्हियन समाजाचे राजे हुलिओ पिनेडो आणि राणी आन्हेलिका लारेआ येथे राहतात. राजपद मानाचे आहे. त्याला ना दरबार, ना महसूल. शेती आणि किराणा मालाचे छोटे दुकान यांवर त्यांचे घर चालते. आफ्रिकी वंशाचे राज्यकर्ते म्हटले की मराठी वाचकाला जंजिऱ्याचे सिद्दी आठवतील. पण त्यांच्यापाशी किल्ला होता, तोफा होत्या. मुरुरातात त्यातले काहीच नाही.

माझ्याकडे तपासायला आलेल्या मसुद्यात एक वाक्य होते: ‘ती राणी असूनही दुकान चालवते.’ मूळ स्पॅनिशमध्ये ‘असूनही’ कोठेच नव्हते, साधा ‘आणि’ होता. शिवाय त्या वाक्यातल्या स्पॅनिश क्रियापदावरून ‘ती’ म्हणावे की ‘त्या’, हे कळत नाही. मराठीत मात्र ते ठरवल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. म्हणजे राणीचा मान किती राखायचा, हा निर्णय माझ्या टेबलावर येऊन पडला होता.

काम देणाऱ्या संस्थेतल्या समन्वयकांना मी फोन केला. ‘असूनही’मुळे प्रेक्षक चमकतो, तो राहू द्यावा, असे त्यांचे म्हणणे पडले. मला ते पटेना, आणि का पटेना हे सांगताना मला या समाजाचा इतिहासच सांगावा लागला. यांचे पूर्वज गुलाम म्हणून आणले गेले. समुद्रसपाटीपासून सुमारे 4,000 मीटर उंचीवरच्या पोतोसी या चांदीच्या खाणींच्या शहरात काहींना राबवले गेले, आणि युंगासमध्ये जमीनदारांच्या मळ्यांवर कोकाच्या शेतीत. उचिचो नावाचा राजपुत्र त्यांच्यात होता, अशी कथा समाजात सांगितली जाते: अंघोळ करताना त्याच्या अंगावरच्या राजचिन्हांवरून इतरांनी त्याला ओळखले आणि त्याच्या वाट्याचे काम आपल्या अंगावर घेतले. गुलामगिरी 1851 मध्ये कायद्याने संपली, तरी मळ्यांवरची वेठ 1953 च्या जमीनसुधारणेपर्यंत चालू राहिली. हुलिओ यांचे आजोबा बोनिफासिओ यांचा राज्याभिषेक 1932 चा, म्हणजे वेठीच्याच काळातला. आणि ‘पिनेडो’ हे राजघराण्याचे आडनाव मुळात मळ्याच्या मालकाचे. हुलिओ यांना समाजाने 1992 मध्ये राजा मानले आणि 2007 मध्ये ला पासच्या प्रांतिक शासनाने जाहीर समारंभात मान्यता दिली.

ज्यांच्या पिढ्या मालकासाठी राबल्या, त्यांची राणी स्वतःच्या दुकानात स्वतःसाठी कष्ट करते, यात ‘असूनही’ म्हणण्याजोगे उणे काय आहे, असे मी विचारले. पलीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मला दुसरा मसुदा पाठवायला सांगण्यात आले.

दुपारभर मी ती दृश्ये पुन्हा पुन्हा पाहिली. एका दृश्यात गावातली एक बाई फरसबंद अंगणात कोकाची पाने पसरते आहे. आभाळ भरून येताच ती पाने घाईने गोळा करते, कारण सुकताना भिजलेले पान काळे पडते आणि त्याला भाव मिळत नाही. दुसऱ्यात ‘साया’ हा या समाजाचा नाच चालू आहे: पांढऱ्या पोलेरातल्या, म्हणजे घेरदार घागऱ्यातल्या बाया, मोठे ढोल, आणि नाचाच्या म्होरक्याच्या पायांतले घुंगरू. त्यानंतर दुकान येते. फळ्यांवर किराणा मांडलेला आहे, आणि एक लहान मूल टाचा उंचावून फळीवर नाणी ठेवते आहे.

तेथे मी लिहिले: ‘त्या राणी आहेत आणि दुकान चालवतात.’ पडद्यावर ते वाक्य तीन सेकंद राहते. संध्याकाळी मंजुरी आली, वाक्य जसेच्या तसे.