42 फोटो आणि तीन दिवस

आमच्या फोटोग्राफी ग्रुपमध्ये बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागातली माणसं आहेत. कुणी शिक्षक, कुणी बँकेत, दोघं-तिघं कॉलेजची पोरं. दर दोन महिन्यांनी एक विषय असतो, फोटोवर नाव नसतं आणि 10 पैकी गुण सभासदांनीच द्यायचे असतात. या वेळचा विषय होता 'काम'. 42 फोटो आले आणि मला पहिल्यांदाच मत द्यायचं होतं.

रात्री जेवणं झाल्यावर फोन घेऊन बसले आणि पाऊण तासात सगळ्यांना गुण देऊन मोकळी झाले. पाठवणार तेवढ्यात वाटलं, सकाळी एकदा नजर टाकू. बरं झालं.

अकरावा फोटो वडगावातल्या हातमागाचा होता. खड्ड्यात पाय सोडून बसलेला म्हातारा विणकर, खिडकीतून ताण्यावर पडलेलं ऊन. माझे वडील शहापुरात मागावर बसायचे, त्या खटखटीतच माझा सगळा अभ्यास झाला. फोटो बघताक्षणी मी 10 दिले होते. सकाळी तो मोठा करून बघितला तर फोकस विणकरावर नव्हताच. मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तारखा वाचता येत होत्या आणि म्हाताऱ्याचे डोळे पुसट होते. धोट्याची दोरी ओढणारा हात कडेला मनगटातच कापला गेला होता. ते 10 गुण आमच्या पडवीतल्या मागाचे होते. मी 5 केले आणि दिवसभर मनाला लागून राहिलं.

मग बाकीच्या गुणांवरचाही विश्वास उडाला. निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या बायकांचा फोटो 'फार पिवळा' म्हणून मी 4 वर ठेवला होता. तो पिवळेपणा माझ्या फोनचा निघाला, रात्री स्क्रीन आपोआप पिवळट होते ती. खिडकीजवळ बसून, स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवून बघितलं तेव्हा त्या बायकांच्या नाकावर बांधलेल्या पदरावरची धूळसुद्धा दिसली. दुसरं म्हणजे पहिल्या दहांना मी सढळ हातानं 7-8 दिले होते आणि शेवटच्या दहांना कंटाळून 5. म्हणून दुसऱ्या दिवशी बेचाळिसाव्यापासून उलटी सुरुवात केली, जुने गुण न बघता. जिथं दोन्ही वेळच्या गुणांत दोनपेक्षा जास्त फरक पडला, ते नऊ फोटो तिसऱ्या दिवसासाठी ठेवले.

एक गोष्ट लिहायला जड जातेय. काही फोटोंखाली मराठीत ओळ होती, काहींखाली कन्नडमध्ये. गावाचं सरकारी नाव 2014 साली बेळगावी झालं. आमच्या घरात बेळगावच म्हणतात, आणि त्या नावात माझ्या माणसांची किती वर्षं गेलीत हे मला माहीत आहे. मला कन्नड वाचता येतं. पण पहिल्या रात्रीचे सर्वांत कमी गुण मिळालेले चार फोटो काढून बघितले तर तिघांखाली कन्नड ओळ होती. जाणूनबुजून केलं नव्हतं, तरी झालं होतं. उरलेले सगळे फोटो खालच्या ओळीवर अंगठा ठेवून बघितले. त्या तिघांतला एक, ऊसतोडीच्या पहाटेचा, 8 वर गेला. दुसरे दोन होते तिथंच राहिले, कारण ते खरंच हलून पुसट आले होते.

सर्वांत जास्त वेळ धनेश पक्ष्याच्या फोटोनं घेतला. जांबोटीकडचं जंगल, झाडाची ढोली, आत मादीनं स्वतःला लिंपून घेतलेलं आणि नर चोचीतून फळ भरवतोय. 'काम' या विषयाचा असा अर्थ दुसऱ्या कुणाला सुचला नव्हता. पण घरट्यापाशी इतकं जवळ जाऊन काढलेला फोटो? नर बिथरला तर आतली मादी आणि पिल्लं उपाशी राहतात. अनेक स्पर्धा घरट्यावरचे फोटो घेतच नाहीत. 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' या स्पर्धेत 2009 साली पहिला आलेला लांडग्याचा फोटो पुढच्या वर्षी बाद झाला होता, लांडगा बहुधा शिकवलेला होता म्हणून. पण तिथं तसा लेखी नियम होता. आमच्या नियमांत घरट्याबद्दल एक अक्षर नव्हतं. संशयावर गुण कापायचे तर त्या माणसाला कळणारही नाही की कशाबद्दल कापले. म्हणून मी फोटोला फोटोचे 9 दिले आणि संयोजक सरांना वेगळं विचारलं. त्यांनी मूळ फाइल मागवली. त्यात झाड लहानसं, लांब होतं. फोटो रस्त्यावरून 600 मिमी लेन्सनं काढून नंतर कापलेला होता. पुढच्या वेळेपासून घरट्याचा नियम लेखी घालायचं सरांनी कबूल केलं.

एक फोटो माझ्या जावेचा होता. नाव नसलं तरी आमच्या परड्यातला पाटा-वरवंटा मी ओळखणार नाही का? तिला गुणच दिले नाहीत. त्यासाठी सरांना बेरजेऐवजी सरासरी धरायला सांगावं लागलं, नाहीतर गाळलेलं मत म्हणजे शून्य झालं असतं. शिवाय प्रत्येक फोटोचा सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा गुण सोडायचं ठरलं, म्हणजे कुणी चढाओढीत 1 दिला तरी बिघडत नाही.

निकालानंतर नावं कळली. मागाचा फोटो वडगावच्या एका कॉलेजच्या मुलाचा होता, विणकर त्याचे आजोबा. मी त्याला फोन करून फोकसचं आणि कापलेल्या हाताचं सांगितलं, 5 मी दिले तेही सांगितलं. थोडा वेळ तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "काकू, माग दिवाळीपर्यंतच हाय. मग काढणार."

रविवारी सकाळी गेलो. मी दाराशी उभी राहिले, तो खड्ड्याच्या कडेला गुडघ्यावर बसला. आजोबा हात न थांबवता म्हणाले, "काय बघूलालास एवढं? काढ की."

"हात बघूलालोय, आजोबा," तो म्हणाला.