आठवडा आठवा: तार रिषभ, नळी आणि अंगठा

गाण्याच्या रियाजाच्या गेल्या नोंदीत ‘आवाज मोकळा सुटतोय’ असं मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. शब्द मागे घेतो. परवाचं रेकॉर्डिंग ऐकलं. मोकळा कसला, नुसता हवेशीर! गळ्यावर ताण नको म्हणता म्हणता मी स्वरतंतू नीट जुळूच देत नव्हतो. निम्मा श्वास तसाच निसटायचा आणि ओळ संपायच्या आत दम संपायचा.

म्हणून पुन्हा नळी. ग्लासात पाणी, नळीचं टोक दोन-तीन सेंटिमीटर बुडवलेलं, ओठ नळीभोवती मिटून ‘ऊ’. पुढची वाट अरुंद झाली की हवेचा थोडा दाब मागे तंतूंच्या वर राहतो आणि ते एकमेकांवर कमी जोरात आदळतात. बुडबुडे एकसारखे यायला हवेत. माझे मध्य षड्जापासून (मधल्या ‘सा’पासून) तार षड्जापर्यंत (वरच्या ‘सा’पर्यंत) छान चालले, आणि त्याच्या पुढच्या तार रिषभावर (वरच्या ‘रे’वर) भस्सकन पाणी बाहेर. म्हणजे सूर चढला की मी हवा ढकलतो. इतके दिवस याला मी ‘दमदार’ समजत होतो.

मग अंगठा हनुवटीखालच्या मऊ भागावर ठेवून तोच रिषभ लावला. तो भाग दगडासारखा कडक झाला आणि अंगठा चक्क खाली ढकलला गेला. जिभेचं मूळ! जबडा सैल सोडून बसलो होतो आणि ताण गुपचूप तिकडे जाऊन बसला होता. आता जिभेचं टोक खालच्या दातांमागे टेकवून हळू आवाजात ‘या-या-या’. आरशात ध्यान दिसतं, पण चौथ्या दिवशी अंगठ्याखाली फरक लागला.

गळा सैल करायचा जांभईचा उपाय मात्र मला फळला नाही. जांभईच्या सुरुवातीला स्वरयंत्र खाली येतं खरं, पण मी ते तिथेच दाबून धरतो नि आवाज रांजणातून आल्यासारखा येतो.

सलग चाळीस मिनिटांचा रियाज बंद केलाय. पाच-सात मिनिटं, दिवसातून तीनदा. पट्टीही (ज्या सुराला ‘सा’ धरून गातो ती) काळी एकवरून खाली पांढरी सातवर आणली. जीवावर आलं, पण आणली.

आजची स्थिती: ‘आ’वर तार रिषभ सुटतो. ‘ई’वर अजून अडतो. ‘ई’ला जीभ वर उचलली जातेच, त्यामुळे अंगठ्याला थोडी हालचाल जाणवणारच, त्यातली किती चालेल आणि किती जास्त, हे अजून हाताला कळत नाहीये. पुढचा आठवडा त्यालाच.