मासे का मरत नाहीत?

विजा कडाडायला लागल्या की माझी भाची शेजारी सरकून बसते आणि भीती लपवायला प्रश्न विचारते. परवा म्हणाली, "मामा, समुद्रात वीज पडली की सगळे मासे मरत असतील ना?" मी "हो गं, बिचारे" म्हणून मोकळा झालो. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र वाटलं, तसं असतं तर आत्तापर्यंत समुद्रात औषधालाही मासा उरला नसता. पृथ्वीवर दर सेकंदाला साधारण ४५ विजा चमकतात. बहुतेक जमिनीवर हे खरं, कारण जमीन लवकर तापते आणि गरम हवा जोरात वर चढते. पण उरलेल्याही काही कमी नाहीत.

आणि वीज म्हणजे काय हो, सुमारे ३० हजार अँपिअरचा लोट! तिची वाट सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट तापते. वाळूवर पडली तर वाळू वितळून काचेची ओबडधोबड नळी तयार होते. समुद्र असली काही खूण ठेवत नाही. खारं पाणी विजेचं उत्तम वाहक. त्यामुळे प्रवाह खोल घुसत बसत नाही, पृष्ठभागालगत चहूकडे पांगतो आणि लांब जाईल तसा क्षीण होतो. अगदी जवळ, अगदी वर असलेला मासा मरतो. बाकीचे खाली आपल्या उद्योगात. त्यांच्यापर्यंत पोचतो तो फार तर धमाका, कारण पाण्यात आवाज लांबवर जातो.

म्हणजे मी बिचारे ठरवले ते मासे मजेत. खरे बिचारे डोकं वर काढणारे : पोहणारा माणूस, श्वासासाठी वर येणारा डॉल्फिन आणि सपाट पाण्यावर एकटीच उंच उभी असलेली डोलकाठी. लाकडी जहाजांच्या काळात वीज डोलकाठ्या फोडायची, आगी लावायची. विल्यम स्नो हॅरिस नावाच्या इंग्रज डॉक्टरने डोलकाठीपासून तळापर्यंत तांब्याच्या पट्ट्या बसवून विजेला थेट समुद्राची वाट करून दिली. १८३१ साली डार्विनला घेऊन निघालेल्या 'बीगल'वरही त्या होत्या.

पुढची गंमत मला जास्त आवडली. हिंदी महासागरात आणि दक्षिण चीन समुद्रात जहाजांच्या गजबजलेल्या मार्गांवर आजूबाजूच्या समुद्राच्या जवळजवळ दुप्पट विजा होतात, असं २०१७ साली संशोधकांनी दाखवलं. ही धुराड्यांची करामत. धुरातल्या कणांमुळे ढगातले थेंब बारीक राहतात, लवकर पाऊस होऊन पडत नाहीत, उंच जाऊन गोठतात आणि तिथे बर्फकणांची घुसळण होऊन वीज साठते. २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकावर कडक मर्यादा आली आणि त्या मार्गांवरच्या विजा बऱ्याच कमी झाल्या. वीज आभाळातून पडते म्हणायचं आणि निम्मी आपणच चढवून ठेवलेली!

दुसऱ्या दिवशी हे सगळं भाचीला सांगितलं. धुराड्यांत तिला काडीचा रस नव्हता.

"म्हणजे गडगडलं की देवमाशाने खालीच थांबायचं?"

"हो."

"आणि श्वास?"

"काही देवमासे तासभरसुद्धा रोखून धरतात."

तिने नाक दाबून पाहिलं. विसापर्यंतही गेली नाही.