खंबाटकी उतरल्यावर बारा हजार: गावाकडं जाऊन गाडी चालवणार असाल तर आधी वाचा

आकडा आधी सांगतो, बारा हजार रुपये. खंबाटकी घाट उतरला, वेळे मागं पडलं आणि सुरूरच्या अलीकडं दहा मिनिटांत बारा हजारांची चलनं झाली, त्यातली पाच हजाराची माझ्या नावाची पण नाही, शेजारी कानटोपी घालून शेंगा खात बसलेल्या अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या नावाची. डिसेंबरातली गोष्ट. सातारचा चार आठवड्यांचा मुक्काम झाला, लग्न झालं, कास बघितलं, महाबळेश्वरला एक दिवस गेलो, सगळं मस्त, त्याबद्दल इथं काही लिहिणार नाही कारण त्यासाठी कुणाला सल्ला लागत नाही.

मी चौदा वर्षं इंग्लंडात. निघायच्या आधी तीन-चार जणांना विचारलेलं की बाबा तिकडं गाडी चालवायची तर काय लागतं, सगळ्यांचं एकच, अरे यूकेचं लायसन्स आहे ना, इंग्रजीत आहे, चालतंय की. एक तर म्हणाला उलट रुबाब पडतो. पडला रुबाब.

शिवाय माझ्याकडं आपलं भारतातलं लायसन्स होतंच. २००४ साली काढलेलं, ते जुनं पुस्तक असायचं ना फोटो चिकटवलेलं, ते. यूके भारतीय लायसन्स बदलून देत नाही, राहायला गेल्यावर १२ महिने त्यावर चालवता येतं आणि मग तिथली थिअरी-प्रॅक्टिकल द्यावीच लागते (मी दुसऱ्या खेपेला पास, पहिल्या वेळी राउंडअबाउटनं खाल्लं). त्यामुळं आपलं पुस्तक कुणी जमा करून घेत नाही, ते कपाटात पडून राहतं आणि आपल्याला वाटत राहतं की आहे की आपल्याकडं. पण त्या वेळचा नियम २० वर्षं किंवा वयाची पन्नाशी, जे आधी येईल ते. म्हणजे माझं मार्च २०२४ ला संपलं. मला पत्ताच नाही. हे वाचताय तर आत्ता उठा आणि तुमच्या लायसन्सवरची तारीख बघा, खरंच.

आता तो रस्ता. मुंबईला पहाटे उतरलो, दाजी आणि अप्पा गाडी घेऊन आलेले, आणि मला हौस. फूडमॉलला चहा प्यायलो आणि दाजींना म्हटलं द्या चावी. हा पहिला गाढवपणा. रात्रभर विमानात झोप नाही आणि एक्स्प्रेसवेवर बसलो चालवायला. विमानातून उतरलेल्या दिवशी गाडी चालवू नका, कितीही फ्रेश वाटत असलं तरी, ते फ्रेश नसतं, ते नुसतं घरी आल्याचं असतं.

पुणे बायपास, खेड शिवापूरचा टोल, शिरवळ, ठीक. मग खंबाटकी. पुण्याकडनं जाताना तेव्हा आपल्याला घाट चढावा लागायचा, बोगदा साताऱ्याकडनं येणाऱ्यांना. उसाच्या ट्रॉल्या, कंटेनर, वीसच्या स्पीडनं सगळी रांग, क्लच दाबून दाबून डावा पाय भरून आला (तिकडं माझी ऑटोमॅटिक आहे). पाऊण तास गेला त्यात. आणि मग वेळ्याला खाली उतरलात की रस्ता एकदम सरळ, रुंद, समोर मोकळा, आणि घाटात अडकलेला प्रत्येक माणूस तिथं पाय दाबतो. प्रत्येक. माझ्या पुढनं एक टेम्पोवाला सुद्धा तसाच गेला. यूकेत मोटरवेची लिमिट ७० मैल, म्हणजे साधारण ११२ किलोमीटर, आणि चौदा वर्षं पायाला तीच सवय, मोकळा रस्ता दिसला की पाय आपोआप तिथं जाऊन बसतो. काटा मी बघितलाच नाही. स्पीडगनवर १०८ आला. पोलिसांची गाडी पुलाच्या सावलीत उभी होती, पांढरी, लांबून कुणाच्या लग्नाची वाटावी अशी.

माझं म्हणणं, त्यांनी जागा बरोबर निवडलीय. घाटात गन लावून काय मिळणार, वीसचा स्पीड. माणूस जिथं वैतागून सुटतो तिथं उभं राहायचं. तेव्हा वेळे ते भुईंज हा पट्टा डोक्यात ठेवा, बोर्डवर जो आकडा असेल त्याच्या पाच खालीच राहा, मागचा हॉर्न मारतोय तर मारू दे, त्याच्या हॉर्नची पावती फाडत नाहीत.

पोलीस अगदी व्यवस्थित बोलले हे सांगायला पाहिजे. "कुठनं आलाय साहेब?" म्हटलं इंग्लंड. "लायसन?" मी रुबाबात यूकेचं कार्ड काढलं. त्यांनी उलटंपालटं करून बघितलं, परत दिलं आणि विचारलं, "याच्यासंगं आंतरराष्ट्रीय परमिट असतंय ते?" ते नव्हतं. मग मी पुस्तक काढलं. त्यांनी पान उलटलं, तारखेवर बोट ठेवलं आणि काही न बोलता माझ्याकडं बघितलं. ते बघणं बारा हजारापेक्षा जास्त लागलं.

हिशोब असा. स्पीडचे २,०००, महाराष्ट्रात कारला एवढेच आहेत, डिसेंबर २०२१ मध्ये दंड वाढले तेव्हापासून. वैध लायसन्स नसताना चालवलं म्हणून ५,०००, कलम १८१. आणि लायसन्स नसलेल्या माणसाला गाडी चालवायला दिली म्हणून मालकाला ५,०००, कलम १८०. गाडी अप्पांच्या नावावर. अप्पा म्हणाले, "माझा पोरगा हाय त्यो." पोलीस म्हणाले, "म्हणूनच की काका, तुम्हाला म्हाईत पायजे हुतं." ह्यावर आमच्याकडं उत्तर नव्हतं. पुढं आनेवाडीच्या टोलपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही, आणि तिथं फास्टॅगमध्ये बॅलन्स नाही असं निघालं. रोख दिली तर दुप्पट, यूपीआयनं दिली तर सव्वापट, दाजींनी मुकाट फोन काढला. गाडी तेच चालवत होते आता.

दंडापेक्षा मोठी भीती वेगळी आहे आणि ती कुणी सांगत नाही. लायसन्स नसताना कुणाला धडक बसली असती तर इन्शुरन्सचं काय? सुप्रीम कोर्टाचा २००४ चा स्वर्णसिंग निकाल आहे, त्याचा परिणाम म्हणजे अशा केसमध्ये कंपनीला बऱ्याचदा समोरच्याला भरपाई द्यायला लावतात आणि मग ती रक्कम मालकाकडनं वसूल करायची मुभा देतात. मालक म्हणजे परत अप्पा. हे घरी वाचलं त्या रात्री मला झोप नाही लागली, जेटलॅगचं फक्त नाव.

आठ दिवसांनी अजून एक निघालं. सहज महाट्रॅफिकच्या साइटवर गाडीचा नंबर आणि चॅसीचे शेवटचे चार आकडे टाकले तर त्याच दिवशीचं एक्स्प्रेसवेच्या घाटातलं चलन, आणखी २,०००. तिथं जुलै २०२४ पासून कॅमेरे आहेत, सपाटीला कारची लिमिट १०० पण घाटात त्याहून बरीच कमी. मेसेज का नाही आला? कारण गाडीच्या आरसीला जो मोबाईल नंबर आहे तो दाजींचा जुना, बंद पडलेला. यूकेत १४ दिवसांत घरी पत्र येतं आणि १०० पाउंड आणि ३ पॉइंट, माणूस त्या पत्राची वाट बघत बसतो. इथं मेसेज मालकाच्या नंबरवर, आणि नंबर मेला असेल तर चलन तसंच पडून राहतं, तुम्ही परत गेलेले असता आणि म्हातारा माणूस गाडी विकायला गेला की तेव्हा सगळं बाहेर येतं. म्हणून परत निघायच्या दोन दिवस आधी साइटवर चेक करा आणि जे असेल ते भरून जा. माझं इंग्लंडचं कार्ड तिथं दोनदा फेल झालं, शेवटी भावाच्या यूपीआयनं भरलं.

हे बोलतोय तोवर अप्पांच्या व्हॉट्सॲपवर "आरटीओ चलन" नावाची फाइल आली, नावाच्या शेवटी एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल. अप्पा उघडणारच होते कारण त्यांना वाटलं तिसरं आलं. ती चोरांची असते, उघडली की फोन त्यांच्या ताब्यात आणि बँक रिकामी. खरं चलन कधी फाइल पाठवून येत नाही. आईवडिलांना हे शिकवा, आमच्यासारखी आधी खरी चलनं येऊन गेली असतील तर ते जास्त फसतात.

आता आयडीपी, म्हणजे ते परमिट. यूकेतनं येणाऱ्यांनी १९४९ वालं घ्यायचं, १९६८ वालं नाही, भारत १९४९ च्या कराराप्रमाणं चालतो. पेपॉइंटच्या दुकानात मिळतं, साडेपाच पाउंड, पूर्वी पोस्टात मिळायचं, एप्रिल २०२४ पासून तिथं. बारा महिने चालतं आणि मूळ कार्ड सोबत लागतंच, नुसतं परमिट म्हणजे कागद. इथं येऊन मिळत नाही. साडेपाच पाउंड वाचवून मी किती घालवले ते वर आहेच.

मग लायसन्स रिन्यू करायला आरटीओत गेलो. बाहेर एका एजंटनं सात हजार सांगितले, "तुम्ही फॉरेनचे, तुम्हाला कशाला लायनीत उभं राहायचं". सात हजार! लर्निंगची फी प्रत्येक वर्गाला १५०, ट्रायलची ३००, लायसन्सची २००, वर स्मार्टकार्डचे आणि किरकोळ. हा मनुष्य त्याच्यावर घर बांधत होता. बोली पाच हजारावर आली तेव्हा मी उठलो. एजंट करू नका असं मी म्हणत नाही, ज्याला वेळ नाही त्यानं करावा, पण फी आधी बघून जा म्हणजे हसता तरी येईल.

नियम असा आहे की संपल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला तर रिन्यू होतं (पूर्वी ३० दिवसांची सवलत होती, २०१९ नंतर ती पण नाही, संपलं त्या दिवशी संपलं). वर्ष उलटलं की ट्रायल परत. खिडकीवर मला लर्निंगपासूनच करायला सांगितलं, पुस्तकाची कॉम्प्युटरवर आधी बॅकलॉग एंट्री, चाळिशीच्या पुढं म्हणून डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म १ए, आणि लर्निंगनंतर ३० दिवस थांबायचं. माझं परतीचं विमान १९ दिवसांवर. तेव्हा चार आठवड्यांच्या सुट्टीत वर्षापेक्षा जुनं संपलेलं लायसन्स होत नाही, नाद सोडा. वर्षाच्या आतलं असेल तर उतरल्या दिवशी कामाला लागा, लग्नाच्या खरेदीच्या आधी. नवीन मिळालं की ३० ते ५० वयाला १० वर्षं, पन्नास ते पंचावन्नला साठीपर्यंत, पंचावन्नच्या पुढं पाच-पाच वर्षं.

मध्ये एकदा सांगलीला सासरी जायचं होतं तर एकानं भाड्यानं सेल्फ ड्राइव्ह देतो म्हणून गाडी दाखवली, पांढरी प्लेट. सेल्फ ड्राइव्हची प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात. आणि तो लायसन्स न बघताच चावी देत होता. लांब राहा असल्यांपासून. शेवटी ड्रायव्हर घेतला, दिवसाचे हजार आणि जेवण, पेठ नाक्यापासनं मी मागच्या सीटवर झोपलो ते सांगलीतच उठलो, सुट्टीतला सगळ्यात शहाणपणाचा खर्च.

पण लर्निंग मात्र काढलं. आधारला जोडलेला नंबर चालू असेल तर घरबसल्या होतं, माझं सिम बंद पडलेलं (वापरलं नाही की तीन महिन्यांनी कंपनी बंद करू शकते), म्हणून आधी आधार केंद्रात नंबर बदलायला एक सकाळ गेली. मग परीक्षा दिली, पास, आणि गाडीला पुढंमागं पांढऱ्या चौकोनात लाल एल. वय त्रेचाळीस. लर्निंगवर शेजारी पक्कं लायसन्सवाला बसावा लागतो, दाजी कोरेगावला निघून गेलेले, राहिले अप्पा. त्यांचं पुढच्या वर्षापर्यंत व्हॅलिड आहे, मी दोनदा तपासलं.

शेवटचे दहा दिवस असे चालवले. पोवई नाक्यावर शाळेतला एक मित्र भेटला, एल बघून पोट धरून हसला. परतीला मुंबईला जाताना बोगद्यातनं बाहेर पडल्यावर ते वाकडं वळण लागतं, जिथं इतक्या गाड्या उलटतात, तिथं मी चाळीसवर होतो, मागं ट्रकची रांग, आणि अप्पा डॅशबोर्डवर हात ठेवून म्हणत होते, "अजून हळू." लर्निंग सहा महिने चालतं, जूनच्या आत ट्रायलला यायचंय, तिकीट बघतोय.