थंडी खालून येते

रतनगडाच्या गुहेत पहाटे तीनच्या सुमाराला मला जाग आली. सई उठून बसली होती. स्लीपिंग बॅग छातीपर्यंत ओढलेली, गुडघे पोटाशी घेतलेले. "काय गं?" विचारलं तर म्हणाली, "मावशी, बॅग चांगली आहे, वरून अजिबात गार लागत नाही. पण पाठ बर्फ झालीय."

डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता. खाली कातळ आणि कातळावर एक पातळ चादर. ती चादर तिच्या सॅकमध्ये माझ्या सांगण्यावरून आली होती.

सई माझी भाची, अठरा वर्षांची, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. रतनगड ते हरिश्चंद्रगड हा तिचा पहिला मोठा ट्रेक, दोन मुक्काम गडांवर आणि मधला कुमशेत गावात. दिवाळीत पणत्या रंगवून विकल्या, त्याचे सहा हजार तिच्याकडे होते आणि सगळं सामान त्यातच बसवायचं असं तिनेच ठरवलं. मला ते फार आवडलं. घरचे द्यायला तयार होते, मीही होते, पण म्हटलं, करू दे तिचं तिला.

नाशिकच्या ज्या दुकानात आधी गेलो तिथल्या मुलाने पाच मिनिटांत पंधरा हजारांचा हिशोब मांडला. त्यात एकट्या तंबूचे नऊ हजार. आम्ही झोपणार कुठे हे त्याने विचारलंसुद्धा नाही. रतनगडावर गुहा, कुमशेतला कोणाची तरी पडवी, हरिश्चंद्रगडावर पुन्हा गुहा. तंबू उघडायचा कुठे? या वयाची किती मुलं असा आकडा ऐकून "आपल्याला परवडणार नाही" म्हणत दुकानातून परत जात असतील, हा विचार आला की मला आजही चीड येते. डोंगर फुकट आहे. त्याच्या पायथ्याशी एवढी महागडी कमान कोणी उभारली?

मग आम्ही स्वतःच क्रम लावला. पहिले बूट. सह्याद्रीत बुटाचा तळ मऊ रबराचा हवा. कडक प्लास्टिकसारखा तळ घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-खड्यांच्या उतारावर, आणि ओल्या कातळावर सरळ सटकतो. आमच्या वेळी ॲक्शन कंपनीचे ट्रेकिंग बूट म्हणजे डोळे मिटून घ्यायची गोष्ट होती. स्वस्त आणि कातळाला चिकटणारे. सईचे बूट संध्याकाळी घेतले, कारण दिवसभर चालून पाय थोडे फुगलेले असतात. ट्रेकचेच जाड मोजे घालून पाहिले. दुकानाच्या जिन्यावरून तिला चार वेळा उतरवलं, अंगठा पुढे आपटत नाही याची खात्री केली आणि मगच पैसे दिले. बूट २७००, मोज्यांचे दोन जोड ३००, हेडटॉर्च ४५०, स्लीपिंग बॅग २१००. सॅक माझी जुनी, पन्नास लीटरची, कमरेचा पट्टा अजून मजबूत असलेली. तो पट्टा नीट आवळला की ओझं खांद्यावरून कंबरेवर उतरतं. बारीक चणीच्या मुलीला हे पहिल्या दिवशीच कळायला हवं. आत कचऱ्याची एक मोठी जाड पिशवी, की सामान कोरडं राहतं. रेनकव्हरची गरज नाही.

उरले साडेचारशे. फोमची घडीची मॅट सातशेची होती. सईने ती हातात घेऊन दाबून पाहिली आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "राहू दे गं. मी इतकी वर्षं चादरीवर झोपलेय." खरं तर ती वर्षं कॉलेजची होती. तेव्हा आम्ही दहा-बाराजणी एकमेकींना चिकटून झोपायचो. ते मी विसरले आणि तिला सांगितलंही नाही. अडीचशे रुपये घालायला माझा हात आखडला नव्हता. तिच्या पैशांत बसवायचं या तत्त्वात मी इतकी गुंतले होते, की त्या मॅटचं काम काय हेच डोक्यात आलं नाही.

स्लीपिंग बॅगेवर तापमानाचे दोन आकडे असतात, एक कम्फर्टचा आणि एक लिमिटचा. लिमिटचा आकडा काटक पुरुषाने अंग आकसून रात्र काढण्याच्या हिशोबाचा असतो, मुलींनी बघायचा तो कम्फर्टचा. एवढं मला माहीत होतं आणि आम्ही तोच बघून घेतली होती. पण हे आकडे काढताना प्रयोगशाळेतला पुतळा मॅटवर झोपवलेला असतो, ही गोष्ट मी परत आल्यावर वाचली. बॅगेतला भराव म्हणजे शेवटी अडवून धरलेली हवा. अंगाखाली तो दाबला जातो, हवा निघून जाते आणि पाठीखाली उरतं नुसतं कापड. मग कातळ रात्रभर अंगातली ऊब ओढत राहतो.

गुहेत त्या पहाटे एवढा विचार करायला वेळ नव्हता. दोघींच्या सॅक रिकाम्या केल्या, तिच्या खांद्यापासून कमरेपर्यंत अंथरल्या. पायांखाली दोराचं वेटोळं आणि माझं जॅकेट. तासाभराने तिला झोप लागली. मला लागली नाही. दिवस उजाडेपर्यंत मी तिच्या शेजारी बसून होते आणि सातशे हा आकडा डोक्यातून जात नव्हता.

सकाळी नेढ्यात, म्हणजे कड्याला पडलेल्या आरपार भोकात, गेलो, शिड्या उतरलो, कात्राबाईची खिंड ओलांडली आणि दुपार कलता कुमशेतला पोचलो.

ज्यांच्या पडवीत राहिलो त्या आजी सत्तरीच्या पुढच्या. नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी आणि वाफाळता भात. जेवून आम्ही पथाऱ्या पसरायला लागलो तर आजी चुलीपुढून उठून आल्या. सईची स्लीपिंग बॅग त्यांनी उचलली, उलटीसुलटी केली, दोन बोटांत धरून चिमटून पाहिली. मग वाकून सारवलेल्या जमिनीवर पालथा हात ठेवला आणि तसाच ठेवून विचारलं, "खाली काय हातरणार?"

"चादर आहे आजी."

"ह्ये वरून पांघरून काय व्हनार पोरी? थंडी तं खालून येती."

आणि त्या अंधारात निघून गेल्या. भात झोडून झालेला होता, पेंढ्याची उडवी घरामागेच होती. दोन्ही हातांत मावेल तेवढा पेंढा कवेत घेऊन आल्या, पुन्हा गेल्या, पुन्हा आल्या. सई मदतीला धावली तर तिला म्हणाल्या, जाड बुडखे बाहेरच्या बाजूला कर, नाहीतर टोचतील. पेंढा आधी हलक्या हाताने झटकायचा, मग आडवा एक थर, त्यावर उभा एक थर. गुडघे टेकून त्यांनी तो दाबला नाही, नुसता थोपटला. त्यावर गोणपाट, मग आमची चादर. "दाबला की गेला," एवढंच म्हणाल्या. परत आल्यावर मी जे दोन पानं वाचून समजून घेतलं ते या तीन शब्दांत होतं.

सई त्यावर आडवी झाली आणि दोन मिनिटांत म्हणाली, "मावशी, पाठ गरम होतेय." तिच्या आवाजात इतकं आश्चर्य होतं की मला भरून आलं. पेंढ्याला उन्हाचा वास येत होता. आजी कंदील घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. सईचे डोळे मिटल्यावरच आत गेल्या.

सकाळी जेवणाचे पैसे त्यांनी मोजून घेतले. पेंढ्याचे म्हणून मी वेगळे काढले तर चेहरा बदलला. "गुरं खात्यात त्येचं काय पैसं?" उलट खताचं एक रिकामं पोतं आणलं, त्यात पेंढा भरून सुतळीने तोंड बांधलं आणि सईच्या सॅकवर आडवं टाकलं. "गडाव कातळच हाय," म्हणाल्या.

पेठेची वाडी, पाचनई आणि तिथून वर गड, एवढी वाट सईने ते पोतं पाठीवर वागवलं. वजन काहीच नव्हतं, पण झुडपांत अडकायचं. वाटेत बरोबर चालणाऱ्या मुलांनी दोनदा घ्यायची तयारी दाखवली, हिने दिलं नाही.

हरिश्चंद्रगडाबद्दल चांगलं लिहायची फार इच्छा होती. कोकणकड्यावरचा सूर्यास्त अजून तसाच आहे, पायाखालची जमीन एकदम संपते आणि खाली कोकण उघडतं. पण कड्याजवळ तंबूंची रांग, दोन ठिकाणी स्पीकर आणि मॅगीची रिकामी पाकिटं वाऱ्यावर. हजारोंचं सामान घेऊन आलेल्यांना कचऱ्यासाठी एक पिशवी आणता येत नाही? मी दोघांना जाऊन सांगितलं. एकाने आवाज कमी केला, एकाने नाही. आम्ही देवळाजवळच्या गुहेकडे परतलो.

तिथे सईने पोतं सोडलं. खांद्यापासून कमरेपर्यंत पुरेल एवढाच पेंढा होता. तिने तो झटकला, बुडखे बाहेर केले, आडवा थर, उभा थर. थोपटला. पायांखाली रिकामी सॅक. पलीकडे कॉलेजचीच तीन पोरं नुसत्या प्लास्टिकवर कुडकुडत होती. सईने उठून दोन ओंजळी पेंढा त्यांना नेऊन दिला आणि कसा पसरायचा तेही दाखवलं. ती सकाळपर्यंत हलली नाही.

आता कोणी मुलगा-मुलगी विचारतं, पाच-सहा हजारांत काय घेऊ, तर मी बुटांनंतर लगेच मॅट सांगते. मोबाइलवर वजन आणि किमती पाठवते. सॅक कोणाची तरी मागून घ्या म्हणते. स्लीपिंग बॅगही भाड्याने मिळते, पहिल्या दोन ट्रेकना तीच न्या. तंबूचं नाव काढलं की आधी विचारते, झोपणार कुठे आहात? सईला जानेवारीत मी ती सातशेची मॅट घेऊन दिली. तिने अडीचशे माझे आणि साडेचारशे तिचे, असाच हिशोब केला.

गडावरून निघायच्या सकाळी पेंढ्याचं काय करायचं हा प्रश्न होता. गुहेत टाकून जाणं शक्यच नव्हतं. देवळाजवळ झोपडीत चहा करणाऱ्या ताईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "आणा इकडं, सरपण दवानं वल्लं झालंय." मूठभर पेंढा लाकडांखाली सरकवला, काडी लावली, एका झटक्यात चूल धरली. आम्हाला पहिला चहा मिळाला. उरलेला पेंढा त्यांनी कोपऱ्यात नीट रचून ठेवला. पोतं तेवढं सईने परत मागून घेतलं.