खोली क्र. 11

2024 साली आरटीईचे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत गरीब आणि मागास मुलांसाठी राखलेल्या 25 टक्के जागांचे, प्रवेश पावसाळ्यापर्यंत लांबले. सरकारी शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला या जागांमधून सूट, अशी अधिसूचना फेब्रुवारीत निघाली होती. ती हायकोर्टाने जुलैत रद्द केली आणि मग आम्हाला कागद तपासायला बसवलं. जिल्हा परिषदेच्या मास्तरांनीच पोरं खासगी शाळेत धाडायची, हीही एक गंमतच.

आमच्याकडे वाळूज एमआयडीसीचा भाग होता. इथे 'परमनंट' आणि 'ठेकेदाराकडचा' एवढं कळलं की माणूस बजाजनगरात स्वतःच्या घरात राहतो की रांजणगावात भाड्याच्या खोलीत, हे बहुधा विचारावं लागत नाही.

एक जण ठेकेदाराकडचा, मूळचा जिंतूरकडचा. मुलाचा लॉटरीत नंबर लागलेला. सगळे कागद ओळीने लावून आणलेले. उत्पन्नाच्या दाखल्यावर आकडा 1,44,000. मर्यादा 1 लाख. मागासवर्गीयांना उत्पन्नाची अट नाही, पण हा अर्ज खुल्या गटातला.

"सर, महिना बारा हजार खात्यात येतात, पीएफ कटतो. तेच दाखल्यावर आलं."

अपात्र. तरी मी भाडेकरार उघडून पाहिला. भाडेकरूला नोंदणीकृत करार लागतो आणि तो द्यायला घरमालक सहसा तयार नसतात. याच्या मालकाने दिला होता. भाडं 2,500. खोली क्र. 11.

रांगेत त्याच्या मागे तो मालकच उभा होता, मुलीला घेऊन. शाळा तीच, गट तोच. दाखला 80,000 चा. करारावर आणि अर्जावर नाव एकच. अकराच खोल्या धरल्या तरी नुसत्या भाड्याचे वर्षाला 3,30,000 होतात.

मी दोन्ही फायली शेजारी ठेवून पडताळणी समितीच्या साहेबांना दाखवल्या. त्यांनी हिशोब मान्य केला. म्हणाले, "दाखला खरा आहे ना? मग झालं. तक्रार आली तर बघू."

तक्रार करणार कोण? खोली त्याचीच.

मुलगी पात्र ठरली. मालकाला सगळा प्रकार कळला तेव्हा त्याला मनापासून वाईट वाटलं, हे मला नाकारता येत नाही. भाडेकरूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आधी बोलायचं ना येड्या. माझी वळख हाय. तुझा बी दाखला म्या काढून देला असता."

मी पुढचं नाव पुकारलं.