केसरबाईंच्या भैरवीनंतर लगेच लागणारं गाणं

१९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अवकाशात पाठवली तिच्यावर आपल्या केसरबाई केरकरांची 'जात कहां हो' ही भैरवी आहे, हे तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत असेल, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतच असतं ते. पण त्याच तबकडीवर केसरबाईंच्या नंतर लगेच कोण गातं? मला हे इथे अमेरिकेत आल्यावर कळलं. ब्लाइंड विली जॉन्सन. टेक्ससचा, लहानपणीच दृष्टी गेलेला, रस्त्याच्या कोपऱ्यावर गिटार घेऊन देवाची गाणी गाणारा कृष्णवर्णीय माणूस. 'डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड' हे त्याचं गाणं १९२७ च्या डिसेंबरमध्ये डॅलसला रेकॉर्ड झालं, त्यात शब्द असे नाहीतच, नुसतं गुणगुणणं आणि कण्हणं, आणि गिटारच्या तारेवरून घसरत जाणारा सूर जो ऐकून आपल्या कानाला पहिल्यांदा मींडच आठवते. हा माणूस १९४५ मध्ये गरिबीत गेला, घराला आग लागली आणि त्या जळक्या घरातच राहत होता तो. गोव्यातल्या केरीची बाई आणि टेक्ससचा हा आंधळा गायक एकामागोमाग एक, मला हे अजूनही पुन्हा पुन्हा ऐकावंसं वाटतं.

आणि केसरबाईंची रेकॉर्ड मिळवायलाही त्या लोकांना शोधाशोध करावी लागली होती बरं का. ती तेव्हा दुकानात मिळतच नव्हती, शेवटी अ‍ॅन ड्रुयान यांना, म्हणजे तबकडीवरची गाणी निवडणाऱ्या गटातल्या एकीला, न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या घरगुती उपकरणांच्या दुकानात, टेबलाखाली पडलेल्या खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. जुन्या रेकॉर्डच्या नादाला लागलेल्या माणसाला ही गोष्ट अजिबात नवल वाटण्यासारखी नाही, कारण ब्लूजचं, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांच्या त्या जुन्या गाण्यांचं, जवळजवळ सगळं असंच मिळालंय, टेबलाखाली, पलंगाखाली, कोणाच्या तरी आजीच्या ट्रंकेत.

मी राहते मिलवॉकीला. इथून उत्तरेला गाडीने अर्ध्या तासावर ग्राफ्टन नावाचं छोटं गाव आहे, नदीकाठचं, शांत, बहुतेक वस्ती जर्मन वंशाच्या लोकांची. या गावात १९३० च्या आसपास मिसिसिपीचे ब्लूज गायक येऊन रेकॉर्डिंग करून गेले यावर कोणाचा विश्वास बसणार नाही, पण ते खरंय. झालं असं की इथे जवळच पोर्ट वॉशिंग्टनला विस्कॉन्सिन चेअर कंपनी म्हणून खुर्च्या बनवणारी कंपनी होती, ते ग्रामोफोनची लाकडी कपाटं बनवायला लागले, मग कपाटं खपावीत म्हणून रेकॉर्ड काढायला लागले आणि त्या रेकॉर्डचं नाव ठेवलं पॅरामाउंट. म्हणजे संगीताशी काही देणंघेणं नाही, फर्निचर विकायचंय! १९२० मध्ये मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेचं 'क्रेझी ब्लूज' दुसऱ्या एका कंपनीने काढलं आणि ते एवढं खपलं की सगळ्यांच्या लक्षात आलं, कृष्णवर्णीय लोक स्वतःचं संगीत विकत घ्यायला तयार आहेत, मग पॅरामाउंटनेही १९२२ पासून त्यांच्यासाठी वेगळी मालिका सुरू केली. त्यांच्याकडे मा रेनी गायली, ब्लाइंड लेमन जेफरसन गायला, आणि १९२९ ला ग्राफ्टनमध्येच स्टुडिओ उघडल्यावर चार्ली पॅटन, सन हाउस, स्किप जेम्स असे एकेक इथे थंडीच्या मुलखात येऊन गायले. स्किप जेम्स तर १९३१ च्या फेब्रुवारीत आला, इथला फेब्रुवारी काय असतो ते मला विचारा, आणि त्याने जे 'हार्ड टाइम किलिंग फ्लोअर ब्लूज' गायलंय ना, मंदीत दारोदार भटकणाऱ्या माणसांचं, त्याचा तो उंच पातळ आवाज ऐकला की अंगावर काटा येतो. पण तेव्हा मंदीमुळे लोकांकडे पैसेच नव्हते, त्याच्या रेकॉर्ड खपल्याच नाहीत, काही वर्षांत कंपनीने रेकॉर्डचा धंदा बंद केला आणि ज्यांच्यावरून तबकड्या छापतात ते मूळ धातूचे साचे भंगारात गेले.

हे साचे जाणं म्हणजे काय ते नीट समजून घ्या. साचा असला की आजही त्याच्यावरून स्वच्छ आवाज काढता येतो. पॅटनच्या पॅरामाउंटच्या गाण्यांचे साचे उरले नाहीत, म्हणजे आज त्याचं तिथलं जे गाणं आपण ऐकतो ते कोणाच्या ना कोणाच्या घरी वाजून वाजून झिजलेल्या तबकडीवरून घेतलेलं आहे. म्हणून तो एवढा खरखरतो. त्यात पॅरामाउंटचा मालही हलका, लाख कमी आणि भर जास्त. हो, लाख, आपलीच, पळस-बोर-कुसुमाच्या झाडावरच्या किड्यांची! त्या काळच्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तबकड्या लाखेच्याच असायच्या आणि जगभर ती मुख्यतः भारतातून जायची, आताच्या झारखंड-बंगालच्या पट्ट्यातून कलकत्त्यामार्गे. दुसऱ्या महायुद्धात लाखेची टंचाई झाली तेव्हा अमेरिकेत जुन्या रेकॉर्ड गोळा करून वितळवल्या, त्यात काय काय गेलं असेल या विचाराने मला खरंच वाईट वाटतं.

सुरुवातीला लोक म्हणतात की एवढ्या खरखरीत ऐकायचं काय. माझं म्हणणं असं आहे की ती खरखर म्हणजे कोणाच्या तरी घरी ते गाणं शंभरदा लागलं होतं याची खूण आहे. कंपनीने काही जपलं नाही, मिसिसिपी-अलाबामाच्या शेतमजुरांच्या घरांनी जपलं, ज्यांनी पंच्याहत्तर सेंट मोजून, म्हणजे त्यांच्या मजुरीतला मोठा तुकडा देऊन, ती रेकॉर्ड घेतली आणि पुढची तीस वर्षं फेकली नाही. नंतर गेल वॉर्डलो नावाचा पत्रकार आणि त्याच्यासारखे आणखी काही जण त्या वस्त्यांमधून दारोदार फिरून जुन्या रेकॉर्ड आहेत का विचारत राहिले. रॉबर्ट जॉन्सन या गाजलेल्या ब्लूज गायकाचा मृत्यूचा दाखलासुद्धा वॉर्डलोनेच १९६८ मध्ये शोधून काढला. संग्राहकांचं कौतुक होतं, व्हायलाच पाहिजे, पण दार उघडणाऱ्या त्या बायकांचं नाव कुठे छापलेलं नसतं हे मला खटकतं.

आणि शोधता शोधता कधी माणूसच सापडतो! मिसिसिपी जॉन हर्टने १९२८ मध्ये थोडी गाणी रेकॉर्ड केली आणि परत शेतीच्या कामाला लागला. १९५२ मध्ये हॅरी स्मिथने आपल्या संग्रहातल्या ८४ जुन्या रेकॉर्डचा मोठा संच काढला, त्यात त्याची दोन गाणी होती, तरुण पोरं ती ऐकून वेडी झाली पण हा माणूस कुठे आहे, जिवंत आहे की नाही, कोणालाच पत्ता नाही. त्याच्या 'अ‍ॅव्हलॉन ब्लूज'मध्ये तो गातो की अ‍ॅव्हलॉन माझं गाव. टॉम हॉस्किन्स नावाच्या एका चाहत्याने जुन्या नकाशात ते गाव शोधलं आणि १९६३ मध्ये गाडी घेऊन तिथे पोचला तर हर्ट तिथेच! सत्तरीचा, गुरं राखणारा, बोटं अजून तशीच गोड चालणारी. त्याच वर्षी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात तो गायला, पुढे १९६६ मध्ये वारला, पण ती मधली वर्षं त्याला मिळाली.

तुम्हाला ऐकायचं असेल तर हर्टपासूनच सुरू करा, आवाज मऊ आहे, मग स्किप जेम्स, आणि पॅटन सगळ्यात शेवटी, कारण त्याला कान बसायला वेळ लागतो. हेडफोन लावून ऐका, गाणं एक वेळ शब्द न समजता जाऊ द्या, दुसऱ्यांदा गिटारचा ठेका धरा. यूट्यूबवर सगळं आहे, लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर त्याहून जुन्या रेकॉर्ड फुकट आहेत, आणि अ‍ॅलन लोमॅक्स या लोकगीतं गोळा करणाऱ्या माणसाने तुरुंगात, शेतावर जाऊन केलेली रेकॉर्डिंगही ऑनलाइन ठेवलीयेत, त्यातली कुऱ्हाडीच्या घावावर म्हटलेली कामाची गाणी ऐकताना जात्यावरच्या ओव्या आठवल्याशिवाय राहत नाहीत.

सगळं सापडलंय असंही नाही. पॅटनचा साथीदार विली ब्राऊन, त्याची 'किकिंग इन माय स्लीप ब्लूज' ही रेकॉर्ड पॅरामाउंटने काढली होती अशी नोंद आहे, पण आजवर तिची एकही प्रत कोणाला मिळालेली नाही. इथे म्हातारं माणूस गेलं की घरातलं सामान घरातच मांडून विकतात, इस्टेट सेल म्हणतात त्याला, मी जमेल तेव्हा जाते आणि थेट तळघरात उतरते. तुमच्यापैकी कोणी विस्कॉन्सिन, इलिनॉय, इंडियानाकडे राहत असेल तर तुम्हीही जात जा, जाड जड तबकड्यांचं खोकं दिसलं की लेबलवर पॅरामाउंटचा गरुड आहे का बघा, आणि उचलताना दोन्ही हातांनी कडेने धरा, लाखेची आहे ती, सुटली की तुकडे.